रेंजवर पिस्तूल बाळगायला टिकाऊ, परवडणारं होल्स्टर कसं निवडावं? (ग्लॉक १७, अमेरिका)

मुळशीकर_ह्यूस्टन

नमस्कार मंडळी. पिस्तूल ग्लॉक १७, पाचवी पिढी. सध्या पिस्तुलावर लाइट नाही, रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी नेम धरायची काच) नाही, पण वर्षभरात डॉट बसवायचा विचार आहे. उजवा हात. वापर फक्त रेंजवर: महिन्यातून दोनदा क्लबचा सराव आणि पुढे यूएसपीएसए (अमेरिकेतली पिस्तूल नेमबाजीची संघटना) यांच्या स्थानिक मॅचेस. कपड्याखाली लपवून बाळगायचं नाही. पट्ट्यासकट बजेट १०० डॉलर, ताणून १२०. बाजारात १५ डॉलरच्या नायलॉनपासून १५० डॉलरपर्यंत सगळं दिसतं, पण पैसे नेमके कशाचे ते समजत नाही. चामडं, कायडेक्स (एक कडक प्लास्टिक) की साच्यातलं प्लास्टिक? काय तपासून घ्यावं?

निशाणी

खरेदीआधी रेंजला फोन करून दोन गोष्टी विचारा. होल्स्टरमधून पिस्तूल उपसून गोळी झाडायला परवानगी आहे का? आणि रेंज 'कोल्ड' आहे का, म्हणजे पिस्तूल रिकामंच ठेवायचा नियम आहे का? बऱ्याच इनडोअर रेंजवर पिस्तूल पेटीतून आणायचं, आपल्या लेनमध्येच उघडायचं आणि तिथेच बंद करायचं असा नियम असतो. होल्स्टरमधून उपसायचं तर आधी त्यांची चाचणी द्यावी लागते. नुसतं लेनपर्यंत न्यायचं असेल तर चांगली पेटी घ्या, होल्स्टरवर पैसे घालू नका.

यूएसपीएसएच्या मॅचला मात्र होल्स्टर लागतंच. तिथे कोल्ड रेंज असते, म्हणजे पिस्तूल दिवसभर रिकामं, होल्स्टरमध्ये किंवा बॅगेत. हात लावायचा तो सेफ एरियाच्या (पिस्तूल हाताळायला राखून ठेवलेल्या जागेच्या) टेबलावर, आणि त्या टेबलावर काडतुसाला अजिबात हात लावायचा नाही, डमी राउंडला (नकली काडतुसाला) सुद्धा नाही. भरायचं ते रेंज ऑफिसरने 'मेक रेडी' म्हटल्यावरच. म्हणजे दिवसातले पाच-सहा तास पिस्तूल नुसतं कमरेला असतं आणि तुम्ही चालता, वाकता, खाली पडलेली टार्गेट्स उभी करता, पुठ्ठ्यांवर चिकट्या लावता. होल्स्टरची खरी परीक्षा या पाच-सहा तासांत होते. उपसायला लागणारा सेकंद ही पुढची गोष्ट.

तुमच्या कामाला माझं उत्तर: तुमच्याच मॉडेलसाठी घडवलेलं, पट्ट्याच्या बाहेर बसणारं कायडेक्स किंवा साच्यातलं पॉलिमर होल्स्टर, ५० ते ६० डॉलर. आणि ताठ पट्टा, ४० ते ५० डॉलर. पट्ट्यात काटकसर करू नका.

चामडेबुवा

'सगळ्या पिस्तुलांना बसतं' असं लिहिलेलं १५ डॉलरचं नायलॉन का घेऊ नये, ते सांगतो, कारण नवी माणसं तिथेच अडकतात. ते कोणत्याच पिस्तुलाच्या मापाचं नसतं. ट्रिगर गार्डभोवती कापड ढिलं राहतं, त्यामुळे बाहेरून बोटाने दाबलं तरी कापडासकट ट्रिगर दबू शकतो. पिस्तूल उपसलं की तोंड मिटतं. मग परत खोवताना दुसऱ्या हाताने तोंड उघडून धरावं लागतं, म्हणजे नळी स्वतःच्याच बोटांवरून जाते. धरून ठेवायला वर एक पट्टी आणि टिचबटण असतं. घाईत ती पट्टी आत दुमडली की ट्रिगर गार्डमध्ये शिरते. ग्लॉकला बाहेरून लावायचा सेफ्टीचा खटका नाही, ट्रिगर मागे गेला की गोळी सुटली. त्यामुळे ग्लॉकवाल्याने तर या प्रकाराच्या वाटेला जाऊच नये.

चामड्याबद्दल. चांगलं चामडं मला मनापासून आवडतं. अंगाला लागत नाही, आवाज करत नाही, स्लाइडला ओरखडे पाडत नाही. पण रेंजसाठी घ्यायचं तर तोंडाला धातूची किंवा दुहेरी चामड्याची कड शिवलेली हवी, म्हणजे रिकामं असतानाही तोंड उघडं राहतं. घामाने आणि वापराने चामडं मऊ पडलं की तोंडाजवळ घडी पडते आणि ती घडी आत वळून ट्रिगरला लागू शकते. अशा घडीमुळे पिस्तूल परत खोवताना गोळी सुटल्याच्या घटना घडलेल्या आहेत. तोंड आत वळायला लागलेलं होल्स्टर दुरुस्त करत बसू नका, फेकून द्या. ते मऊ करायला तेल पाजणं हा त्याहून मोठा घोटाळा: ताठरपणा हाच त्याचा प्राण आहे. नवं चामडं घट्ट असेल तर रिकामं पिस्तूल पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर त्यात ठेवा, तेवढं पुरतं. एरवी पिस्तूल चामड्यात ठेवून कपाट बंद करू नका. चामडं ओल धरतं, कमावतानाचे क्षार त्यात असतात, आणि पोलादावर गंज चढतो.

जर्सीकर

चामडेबुवांना +१.

एक कायद्याची बाब, कारण इथे वेगवेगळ्या राज्यांतली मंडळी वाचत असतात. न्यू जर्सीत कॅरी परमिट (पिस्तूल अंगावर बाळगायचा परवाना) नसेल तर घरून रेंजवर जाताना पिस्तूल कमरेला लावता येत नाही. रिकामं करून बंद पेटीत, नीट बांधलेल्या पुडक्यात किंवा कुलूपबंद डिकीत न्यावं लागतं. कॅलिफोर्नियातही रिकामं आणि कुलूपबंद पेटीत. होल्स्टर पट्ट्यावर चढवून गाडीतून उतरलात तरी पिस्तूल त्यात जाणार ते सेफ एरियाच्या टेबलावर. म्हणून रिकाम्या होल्स्टरचं तोंड उघडं राहणं महत्त्वाचं, आणि एका हाताने खोवता येणंही तितकंच.

मुळशीकर_ह्यूस्टन

मग कायडेक्स आणि साच्यातलं पॉलिमर यांत फरक काय? फोटोत दोन्ही सारखीच दिसतात.

निशाणी

कायडेक्स ही सपाट शीट असते. तापवून मऊ करतात आणि पिस्तुलाच्या ठोकळ्यावर दाबून आकार देतात. होल्स्टरला साधारण ०.०८ किंवा ०.०९३ इंच जाडीची शीट वापरतात. ०.०६ इंचाची मॅगझीनच्या पाऊचला ठीक, रेंजवरच्या होल्स्टरला पातळ पडते. साच्यातलं पॉलिमर म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून केलेलं. साचा महाग, पण एकदा झाला की नग स्वस्त पडतो, म्हणून ३० ते ४५ डॉलरमध्येही चांगलं मिळतं. कायडेक्स गरम करून थोडं नीट करता येतं, साच्यातलं बहुधा येत नाही. तुमच्या वापराला दोन्ही चालतील. कशाचं केलंय यापेक्षा कडा, स्क्रू आणि पट्ट्याचे लूप बघा.

टेक्सासच्या उन्हात कायडेक्स डॅशबोर्डवर ठेवू नका. सुमारे ७५ ते ८० अंश सेल्सियसला ते दाबाखाली वाकायला लागतं आणि काचेमागे पार्क केलेल्या गाडीत डॅशबोर्ड त्याच्या जवळपास जातो. वर जड बॅग असेल तर तोंड चपटं होऊन बसेल. सीटखाली किंवा डिकीत ठेवा.

आता घरी आल्यावरची तपासणी. आधी पिस्तूल रिकामं करा: मॅगझीन काढा, स्लाइड मागे अडकवा, चेंबर डोळ्यांनी बघा, मग करंगळीने चाचपा. काडतुसं त्या खोलीतच नकोत.

पिस्तूल खोवा आणि दोन्ही बाजूंनी पेन्सिलीचं टोक ट्रिगरपर्यंत पोचतं का बघा. कुठूनही पोचलं तर होल्स्टर परत. बाकी काही तपासू नका.

मग पिस्तूल काढून तोंड अंगठा आणि तर्जनीत जोरात दाबा, दबता कामा नये. परत खोवा, गादीवर उलटं धरून हलवा. पिस्तूल पडता कामा नये. पण उपसताना पट्टा वर ओढला जात असेल, विजार छातीपर्यंत येत असेल, तर पकड जास्त झाली. पकड कुठे आहे तेही बघा. चांगल्या होल्स्टरमध्ये ट्रिगर गार्डच्या पुढच्या खाचेत 'टक' असा आवाज होतो, आणि पहिला अर्धा इंच सुटला की पुढे मोकळं. स्लाइडभर घासत येणारी पकड वाईट: ती फिनिश खाते, आत धूळ शिरली की बदलते, आणि डॉट बसवला तर पंचाईत करते.

शेवटी मूठ. पिस्तूल होल्स्टरमध्ये असतानाच तुमची पूर्ण, गोळी झाडायची पकड बसली पाहिजे. मधलं बोट ट्रिगर गार्डच्या खाली घट्ट टेकलं पाहिजे. तिथे होल्स्टरची कड बोटाच्या पेराला लागत असेल तर प्रत्येक वेळी पकड थोडी खाली बसेल आणि उपसल्यावर हवेत सावरावी लागेल. त्या कडेचा कायडेक्स १५०, मग ४०० च्या पॉलिश पेपरने घासून गोल करता येतो. पण ट्रिगर झाकणारा भाग एक मिलिमीटरही कमी करायचा नाही.

अनुराधा_ऑस्टिन

छान माहिती. माझा प्रश्न थोडा वेगळा. उंची ५ फूट २ इंच, पट्ट्याच्या वर धड आखूड. नेहमीच्या होल्स्टरमध्ये मूठ बरगडीत रुतते आणि नळी बाहेर निघायला कोपर खांद्याच्या वर न्यावं लागतं. पिस्तूल सीझेड शॅडो २.

निशाणी

ताई, तुम्हाला 'ड्रॉप-ऑफसेट' हँगर (होल्स्टर पट्ट्याला जोडणारा तुकडा) लागेल. होल्स्टर तेच राहतं, फक्त ते पट्ट्याच्या खाली एक-दीड इंच आणि अंगापासून थोडं बाहेर येतं. मूठ बरगडीपासून सुटते. कमरेपेक्षा नितंब रुंद असले की सरळ होल्स्टरची मूठ आत झुकते, तीही यामुळे सरळ होते. हँगर आणि होल्स्टर यांच्यात पाचरीसारखा वॉशर घालून कोन आणखी सुधारता येतो.

किती खाली न्यायचं याला नियमाची मर्यादा आहे. यूएसपीएसएमध्ये मुठीची टाच पट्ट्याच्या वरच्या कडेखाली जाऊ नये. आणि सैल उभं राहिल्यावर होल्स्टरमधल्या पिस्तुलाची नळी पायांपासून ३ फुटांपलीकडच्या जमिनीकडे रोखलेली नको. मांडीला बांधायचे आणि खांद्यावरचे होल्स्टर चालत नाहीत. आयडीपीए या दुसऱ्या संघटनेच्या मॅचमध्ये अंगापासून लांब राहणाऱ्या होल्स्टरवर जास्त बंधनं आहेत, तिथे खेळणार असाल तर त्यांचं नियमपुस्तक आधी उघडा.

शॅडो २ साठी 'सीझेड ७५ ला बसतं' असं लिहिलेलं होल्स्टर घेऊ नका. ७५बी ला पुढे रेल (लाइट अडकवायची खाचांची पट्टी) नाही, एसपी-०१ ला आहे, आणि शॅडो २ ची पुढची घडण आणखी वेगळी. मागवताना 'शॅडो २' हेच नाव लिहिलेलं हवं.

अनुराधा_ऑस्टिन

हे कोणत्याच दुकानात कुणी नीट समजावलं नव्हतं. पाचरीच्या वॉशरबद्दल तर मुळीच माहीत नव्हतं. धन्यवाद!

जर्सीकर

कुलुपाच्या होल्स्टरबद्दल कुणी लिहिलं नाही. सफारीलँडची एएलएस पद्धत रेंजवर चांगली चालते. पिस्तूल आत ढकललं की काडतूस बाहेर पडायच्या खिडकीपाशी आपोआप अडकतं, आणि सोडवायला अंगठ्याने खटका मागे घ्यायचा. पकड घेताना अंगठा तिथेच येतो, त्यामुळे वेगळी हालचाल शिकावी लागत नाही. ताणाचा स्क्रू नाही, म्हणून पकड दर महिन्याला बदलत नाही. धावण्याच्या आणि गुडघ्यावर बसायच्या स्टेजला (मॅचमधल्या फेरीला) मन निवांत राहतं. ६३६० सारख्या पोलिसी मॉडेलमध्ये वर आणखी एक फिरणारं कुलूप असतं, ते रेंजसाठी लागत नाही आणि पैसेही दुपटीने जातात.

एक प्रकार मात्र टाळा: ज्यात कळ ट्रिगरच्या बोटाने दाबून पिस्तूल सोडवायचं असतं. घाईत बोट कळ जोरात दाबतं, पिस्तूल सुटतं, आणि तेच वाकलेलं बोट थेट ट्रिगरवर येतं, नळी अजून पायाकडे असताना. शिवाय कळीमागे वाळू किंवा खडा अडकला की पिस्तूल निघतच नाही. अनेक क्लब आणि प्रशिक्षण देणाऱ्या संस्था हा प्रकार दारातच नाकारतात.

मुळशीकर_ह्यूस्टन

पट्ट्यावर इतका भर का? घरी दीड इंची चामडी पट्टा आहे.

चामडेबुवा

भरलेलं ग्लॉक १७ जवळजवळ ९०० ग्रॅम भरतं. साधा पट्टा त्या वजनाने पिळतो, होल्स्टरचं वरचं टोक बाहेर झुकतं आणि मूठ दर वेळी वेगळ्या जागी सापडते. उपसताना पट्टाच वर येतो, म्हणून माणूस होल्स्टरचा स्क्रू ढिला करतो, आणि मग पिस्तूल धावताना पडतं. दोष पट्ट्याचा, शिक्षा होल्स्टरला. पट्टा तपासायची रीत सोपी: वीतभर भाग आडवा धरून दोन्ही हातांनी पिळा. सहज पिळला गेला तर तो ऑफिसला वापरा.

मॅचसाठी दोन पदरी पट्टा घ्या. आतला पातळ, विजारीच्या लूपमधून जाणारा, बाहेरून वेल्क्रोचा. बाहेरचा ताठ पट्टा त्यावर चिकटतो आणि होल्स्टर, पाऊच सगळं त्याच्यावर कायमचं बसवलेलं असतं. रेंजवर पोचलात की दहा सेकंदांत चढवायचा. प्रत्येक वेळी सगळं त्याच जागी येतं, यात सरावाचा निम्मा फायदा आहे. होल्स्टरचे लूप पट्ट्याच्या रुंदीचेच हवेत. दीड इंची पट्ट्यावर पावणेदोन इंची लूप असेल तर होल्स्टर खालीवर डुलतं. बहुतेक लूपमध्ये भरायचे तुकडे येतात, तेच लोक पेटीबरोबर फेकून देतात.

निशाणी

टिकाऊपणाची मेख स्क्रूमध्ये आहे. कायडेक्स फुटलेलं क्वचित दिसतं, स्क्रू गळालेले होल्स्टर दर मॅचला दिसतात. पकड देणाऱ्या स्क्रूखाली रबरी वॉशर असतो. तो कालांतराने दबतो, स्क्रू सैल होतो, पकड जाते. हँगरचे दोन-तीन स्क्रू ढिले झाले की होल्स्टर फिरतं आणि नळी भलतीकडे.

आल्या दिवशी हे करा. पकडीचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवून हवी ती पकड ठरवा. मग एकेक स्क्रू काढून आटे स्पिरिटने पुसा, व्हायब्रा-टाइट व्हीसी-३ (स्क्रू सैल होऊ न देणारा लेप) लावा, १५ ते ३० मिनिटं वाळू द्या आणि बसवा. ते वाळून आट्यांवर पापुद्र्यासारखं राहतं, त्यामुळे नंतरही स्क्रू फिरवता येतो. निळं थ्रेडलॉकर (स्क्रू घट्ट धरणारा द्रव) धातूला धातू असेल तिथेच, आणि अगदी टिपक्याएवढं. ते प्लास्टिकवर ओघळलं तर काही प्लास्टिकना बारीक तडे जातात आणि भोकापासून होल्स्टर चिरतं. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून कायडेक्सवर पांढऱ्या पेंट मार्करने एक रेघ ओढा. रेघ मोडलेली दिसली की स्क्रू फिरला आहे. हे बघायला प्रत्येक मॅचच्या सकाळी दोन सेकंद लागतात. बॅगेत जास्तीचे दोन स्क्रू, दोन रबरी वॉशर आणि योग्य मापाची अॅलन की.

आणि तरीही पिस्तूल होल्स्टरमधून पडलंच तर स्वतः उचलू नका. पाय स्थिर ठेवा, हात बाजूला, रेंज ऑफिसरला हाक मारा, तो उचलून तपासून देईल. स्टेज चालू नसताना रिकामं पिस्तूल पडलं तर तुम्ही मॅचमधून बाद होत नाही. ते स्वतः उचललं तर होता. पडणारं पिस्तूल हवेत झेलायचा प्रयत्न तर कधीच नाही, बोट ट्रिगरमध्ये जातं ते तिथेच.

जर्सीकर

परत खोवण्याबद्दल दोन ओळी. टायमर शेवटच्या गोळीच्या आवाजावर थांबतो. त्यानंतरच्या वेळेला काही किंमत नाही, मग घाई कशाला? बोट स्लाइडवर सरळ, शर्ट दुसऱ्या हाताने पोटाशी ओढून धरा, तोंडात बघून हळू सरकवा. अडखळलं तर जोर लावू नका, बाहेर काढा आणि बघा. जॅकेटच्या खालच्या दोरीची प्लास्टिकची गाठ, शर्टाचं टोक, हे ट्रिगर गार्डमध्ये शिरतात आणि जोराने ढकललं की तेच ट्रिगर ओढतात. रेंजवरच्या जॅकेटची दोरी कापून टाका. शॅडो २ सारखा उघडा हॅमर असेल तर खोवताना अंगठा हॅमरवर ठेवा, तो हलला तर लगेच कळतं.

बालेवाडी_पुणे

एक शंका. इथे २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल करणाऱ्या मुलांचे पालक विचारतात की होल्स्टर घ्यावं का. अमेरिकेतले व्हिडिओ बघून विचारतात.

निशाणी

नको. आयएसएसएफ (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) यांच्या स्पर्धांत उपसणं हा प्रकारच नाही. २५ मीटरच्या रॅपिड भागात हात खाली ४५ अंशांत धरून टार्गेट फिरलं की वर आणायचा असतो. राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये सोनं मिळवलं तो प्रकार हाच. शिवाय त्या पिस्तुलांची मूठ हाताच्या आकाराची, पसरट लाकडी असते, होल्स्टरमध्ये तिला जागाच नाही. ते पैसे कडक पेटीत घाला: आत कापलेला फोम, दोन कुलपं लावायची सोय, आणि चेंबरमध्ये घालायचा भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग. गोळी झाडायची परवानगी नसते तेव्हा तो फ्लॅग आत हवाच.

पुण्या-कोल्हापूरच्या पावसात फोम ओल धरतो. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि घरी आल्यावर पेटी तासभर उघडी ठेवा. शस्त्र मात्र परवान्याच्या अटींप्रमाणे बंदोबस्तात.

मुळशीकर_ह्यूस्टन

मग हे ठरवतो: दोन पदरी दीड इंची पट्टा ४५, ग्लॉक १७ चं बाहेरचं कायडेक्स ५५, दोन मॅगझीनचं पाऊच २०. डॉटसाठी वर खाच कापलेलं. बरोबर ना? पाऊच दोनच पुरेल?

जर्सीकर

पुरेल. यूएसपीएसएची सगळ्यात लांब स्टेज ३२ राउंडची असते. १७ ची मॅगझीन्स असतील तर एक पिस्तुलात, दोन पट्ट्यावर, म्हणजे ५१. आमच्याकडे न्यू जर्सीत मॅगझीनमध्ये १० काडतुसांच्या मर्यादेमुळे चार पाऊच लावावे लागतात, तो खर्च वेगळा. खाच कापलेलं घेताय ते उत्तम, डॉट नसला तरी त्याने काही अडत नाही. लाइट लावायचा विचार असेल तर आत्ताच ठरवा, कारण लाइटचं होल्स्टर लाइटच्या मॉडेलवर घडवलेलं असतं आणि लाइट काढला की त्यात पिस्तूल ढिलं बसतं.

चामडेबुवा

आणखी एक: होल्स्टर ग्लॉक ३४ च्या लांबीचं मिळालं तर तेच घ्या. त्यात १७ ही बसतं आणि १९ ही, कारण पकड ट्रिगर गार्डला आहे, नळीच्या टोकाला नाही. पाचव्या पिढीत स्लाइडचा खटका उजवीकडेही आहे, म्हणून 'पाचवी पिढी' लिहिलेलं बघा, जुन्या साच्यात तो घासतो.

मुळशीकर_ह्यूस्टन

३४ च्या लांबीचं, पाचव्या पिढीचं, डॉटची खाच असलेलं मागवलं. आतली धूळ कशाने काढायची? ह्यूस्टनच्या बाहेरच्या रेंजवर माती बारीक आहे.

निशाणी

दर दोन-तीन मॅचनंतर हँगर न काढता कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, जुन्या टूथब्रशने आतून घासा. उलटं टांगून पूर्ण वाळू द्या, स्क्रूच्या खाचांत पाणी राहतं. रेंजवर नुसती फुंकणी पुरते. आत तेल किंवा सिलिकॉन स्प्रे मारू नका, माती त्यालाच चिकटते आणि स्लाइडला पॉलिश पेपरसारखी घासत राहते. वाळल्यावर पांढऱ्या रेघा बघा, मग पिस्तूल घाला.